भाला, तलाठ्याची जागा आणि बाबा

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणारी मुलगी वीस वर्षांची आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात राहते, तालुक्याच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सात वर्षांची असताना कडबाकुट्टीत तिचा उजवा हात सापडला आणि मनगटाच्या वरून काढावा लागला. यंत्र तेव्हा तिचे वडील चालवत होते. पुढे ती डाव्या हाताने लिहायला शिकली, सायकल शिकली, शेतातली बहुतेक कामं करते. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी तिच्या हातात भाला दिला. गेल्या वर्षी पॅरा खेळाडूंच्या राज्य स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. आजवरची सर्वोत्तम फेक 26 मीटर. आता तिला शिक्षण थांबवून पुण्याला जाऊन पूर्णवेळ सराव करायचाय, डोळ्यांसमोर पॅरालिम्पिक आहे. वडिलांचं म्हणणं, तलाठ्याच्या, जिल्हा परिषदेच्या परीक्षा दे. दिव्यांग कोट्यातली जागा हातची आहे. आई मधूनच स्थळांचा विषय काढते.

पुढचं तिच्याच शब्दांत: "ताई, कोट्यातून नोकरी घेणं मला भीक घेतल्यासारखं वाटतं. मला स्वतःच्या जोरावर करून दाखवायचंय. सत्काराला मला 'एका हाताची वाघीण' म्हणतात, तेव्हा कसंतरी होतं. पण लोक तसं म्हणायचे थांबले तर मग मी कोण, असंही वाटतं. बाबा अजून माझ्या उजव्या हाताकडे बघत नाहीत. त्या दिवसाबद्दल आमच्यात कधीच बोलणं झालं नाही. मी पदक आणलं तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. रात्री खांदा दुखतो, पण ते चालायचंच. सांगा, नोकरी की भाला?"

प्रिय मैत्रीण,

तू विचारलंस नोकरीचं आणि भाल्याचं. मी सुरुवात खांद्यापासून करणार आहे, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात घाईचं वाक्य तेच आहे आणि नेमकं तेच तू "चालायचंच" म्हणून उडवून लावलंयस.

दोन हात असलेल्या भालाफेकपटूचा खांदा दुखला तर तो काही आठवडे फेक थांबवतो आणि रोजची कामं दुसऱ्या हातावर ढकलतो. तुझा फेकायचा हात तोच लिहायचा हात. त्याच हाताने तू बादली उचलतेस, भाकरी थापतेस, केस विंचरतेस, एसटीत दांडी धरून उभी राहतेस, मोबाईल चालवतेस. म्हणजे मैदानावर न गेलेल्या दिवशीसुद्धा त्या खांद्याला सुट्टी मिळत नाही. रात्री त्या कुशीवर झोपलं की दुखणं, हात डोक्याच्या वर नेताना कळ येणं ही खांद्यातले बारीक स्नायू कुरकुरत असल्याची खूण असू शकते. वेळेत बघितलं तर व्यायामाने आणि फेकीची पद्धत सुधारून बहुतेकदा निभावतं. अंगावर काढलं तर स्पर्धा राहू दे, परीक्षेचा पेपर लिहिणंही जड जाईल. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला नाहीतर खेळाडूंबरोबर काम केलेल्या फिजिओथेरपिस्टला दाखव. तोवर पूर्ण जोराने फेक बंद. पळणं, उड्या, पाय आणि पोटाचे व्यायाम चालू ठेव. भाल्याचा जोर तसाही निम्म्याहून अधिक पायांतून आणि कमरेतूनच येतो.

आणखी एक विचारते. व्यायामशाळेत तू उजव्या बाजूचं काय करतेस? बऱ्याच ठिकाणी उत्तर "काहीच नाही" असं येतं, कारण डंबेल धरायला पंजा नाही. भालाफेकीत न फेकणाऱ्या हाताचं काम मोठं असतं. तो आधी पुढे जातो, मग कोपरात दुमडून अंगाशी घट्ट येतो, ती बाजू रोखून धरतो आणि त्या रोखण्यावर फेकणारा हात चाबकासारखा सुटतो. तुझा उजवा हात आखूड आणि हलका आहे, म्हणून ती बाजू लवकर उघडत असेल, धड एका अंगाला कलत असेल आणि उरलेली सगळी भरपाई डावा खांदा करत असेल. हा माझा अंदाज आहे. मोबाईलवर बाजूने आणि मागून चित्रण करून प्रशिक्षकांना दाखव, दिसेल. कोपराच्या खाली बांधायचा रुंद पट्टा मिळतो, त्याला केबल किंवा रबरी पट्टी अडकवून उजव्या खांद्याचे आणि पाठीचे सगळे व्यायाम होतात. मोची चांगला असेल तर तालुक्यातही शिवून मिळेल. डावी बाजू वाढवत आणि उजवी तशीच ठेवत वर्षं गेली तर पाठीचा कणा एका बाजूला ओढला जाऊ शकतो.

आता तुझा प्रश्न. "नोकरी की भाला" ही दोन दारं तुझ्यासमोर कुणी ठेवली? वडिलांनी एक दाखवलं, तू दुसरं, आणि दोघांनीही गृहीत धरलं की एक उघडलं की दुसऱ्याला कुलूप लागतं.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी तुला माहीत असतील. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांचा डावा हात मोडला, पुढे त्यात गँगरीन झालं आणि तो हात कायमचा निकामी झाला. त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवलं आणि त्याच काळात मैदानही धरून ठेवलं. आधी ते भालाच फेकायचे. खांद्याच्या दुखापतीमुळे गोळाफेकीकडे वळले (म्हणून वर मी खांद्यावर एवढं बोलले). पॅरिसमध्ये 2024 साली त्यांनी एफ 46 गटात (एका हाताने अधू असलेल्या खेळाडूंचा गट) 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं, तेव्हा ते 34 वर्षांचे होते. पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला पदक मिळालं होतं ते त्याआधी 1984 मध्ये. वीस ते चौतीस या वयात त्यांनी फक्त गोळा फेकला असता आणि पोटाची सोय केलीच नसती, तर ते चौतिशीपर्यंत मैदानावर टिकले असते का, याची मला शंका आहे.

दुसरं नाव राजस्थानच्या देवेंद्र झाझडिया यांचं. आठव्या वर्षी झाडावर चढताना विजेच्या तारेला हात लागला आणि डावा हात गेला. अथेन्सला 2004 मध्ये भालाफेकीत सुवर्ण, 62.15 मीटर, विश्वविक्रम. त्यानंतर काय झालं हे भाषणात कुणी सांगत नाही. त्यांच्या गटाची भालाफेक 2008 च्या बीजिंगमध्ये नव्हती. 2012 च्या लंडनमध्येही नव्हती. माणूस तयार आणि पॅरालिम्पिकमध्ये त्याची स्पर्धाच नाही, अशी बारा वर्षं गेली. रिओला 2016 मध्ये स्पर्धा परत आली तेव्हा त्यांनी 63.97 मीटर फेकून स्वतःचाच विक्रम मोडला आणि पुन्हा सुवर्ण घेतलं. टोकियोत वयाच्या चाळिशीत रौप्य, तेही 64.35 मीटरचं, रिओपेक्षा लांब. त्या बारा वर्षांत पोटापाण्याला दुसरा आधार नसता तर कितीही जिद्द असती तरी माणूस तगला नसता. पॅरा खेळात तुझ्या हातात नसलेल्या गोष्टी फार असतात. कोणत्या गटाची कोणती स्पर्धा कार्यक्रमात राहील, हे दर वेळी वर ठरतं. म्हणून "पूर्णवेळ" हा शब्द मला धोक्याचा वाटतो.

पूर्णवेळ म्हणजे नक्की किती, हेही पाहा. भालाफेकपटू रोज जोराने भाला फेकत नाहीत. आठवड्यात दोन-तीन दिवस, बाकी दिवस ताकद, धावणं, लवचीकता. दिवसाला तीन, फार तर चार तास. त्यानंतर शरीराला विश्रांतीच लागते. त्या विश्रांतीच्या तासांत पुस्तक घेऊन बसता येतं. बीए सोडण्याची तर अजिबात गरज नाही; विद्यापीठ पातळीवर खेळण्यासाठी कॉलेजात नाव असणंच उपयोगाचं आहे.

आकडेही समोर ठेवूया, कारण तुला कुणी ते ठेवून दाखवलेले दिसत नाहीत. टोकियोत महिलांच्या एफ 46 भालाफेकीचं सुवर्ण न्यूझीलंडच्या होली रॉबिन्सनला 40.99 मीटरला मिळालं. रिओत ब्रिटनच्या हॉली अर्नोल्डने 43.01 मीटर फेकला होता. दोघींनाही जन्मापासून एका हाताचा कोपराखालचा भाग नाही. तुझी फेक 26. म्हणजे साधारण पंधरा मीटरचं अंतर. दोन वर्षांत शून्यावरून 26 वर येणं चांगलं आहे, पण पुढचे मीटर सुरुवातीच्या मीटरांसारखे भराभर येत नाहीत. अर्नोल्ड चौदाव्या वर्षी, 2008 मध्ये, बीजिंगला पहिल्यांदा उतरली होती आणि पॅरालिम्पिकच्या सुवर्णापर्यंत यायला तिला आठ वर्षं लागली. तू लॉस एंजेलिस 2028 मनात धरलं असशील. मी तुझ्या जागी असते तर ब्रिस्बेन 2032 धरलं असतं, लॉस एंजेलिसला पोचलीस तर सोन्याहून पिवळं. जवळचं लक्ष्य म्हणून या वर्षी 30 मीटर आणि राष्ट्रीय स्पर्धा एवढं लिहून ठेव. दोन वर्षं नीट प्रशिक्षण घेऊनही आकडा तिशीच्या आसपास अडकला, तर गोळाफेक, थाळीफेक, उडी हे पर्याय बघायचे की खेळ आवडीपुरता ठेवायचा, हे तेव्हा ठरव. सचिन खिलारींनी प्रकार बदलला म्हणून त्यांचं काही कमी झालं नाही.

कोट्याबद्दल मात्र मी तुझ्याशी थोडं भांडणार आहे.

भीक देणाऱ्याची मर्जी असते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 मधल्या जागा कुणाच्या मर्जीवर नाहीत. सरकारी नोकरीत 4 टक्के आणि उच्च शिक्षणात 5 टक्के जागा, 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. याच कायद्यात खेळाबद्दलही स्वतंत्र कलम आहे: दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा म्हणून सरकारने सोयी करायच्या आहेत. म्हणजे ज्या पॅरा स्पर्धेत तू "स्वतःच्या जोरावर" रौप्य मिळवलंस, ती स्पर्धाही याच विचारातून उभी आहे. हात नसलेल्यांचा वेगळा गट करणं तुला न्याय्य वाटतं, तिथे तू ताठ मानेने उतरतेस. मग परीक्षेतला वेगळा गट लाजिरवाणा कसा? दोन्हीकडे पेपर तुलाच लिहायचाय, भाला तुलाच फेकायचाय.

वडिलांच्या बाजूचीही एक चूक सांगते. जागा "हातची" वगैरे काही नाही. त्या 4 टक्क्यांत अस्थिव्यंग आणि त्याच वर्गातल्या इतर प्रकारांच्या वाट्याला 1 टक्का येतो, आणि त्या एका टक्क्यात मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले, स्नायूंचा क्षय असलेले असे सगळे उमेदवार असतात. तलाठ्याच्या एका जागेमागे किती मुलं अभ्यास करतात हे तुमच्याच गावातल्या अभ्यासिकेत जाऊन बघा म्हणावं. तिथे वर्षं घालवूनही हाती काही न लागलेली मुलं भेटतील. भाला जेवढा बेभरवशाचा, तेवढीच ही परीक्षाही. मला यातून एवढंच म्हणायचंय की दोन बेभरवशाच्या गोष्टी बरोबर धरल्या तर दोन्हींचा धोका थोडा कमी होतो. शिवाय त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत: महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतलं कितवं स्थान कोणत्या पदासाठी चालतं हे शासन निर्णयात दिलेलं असतं, तो जिल्हा क्रीडा कार्यालयात बसून वाच. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांचे अर्ज तिथेच अडकतात, म्हणून पडताळणी आत्ताच करून घे.

कागदांचं निघालंच आहे तर बाकीचंही उरकते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे ना? नसेल तर आधी ते. मग वर्गीकरण, म्हणजे तू कोणत्या गटात खेळायचंस ते ठरवणं. राज्य स्पर्धेत तुला एफ 46 मध्ये घातलं असणार, पण राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर पुन्हा तपासणी होते: वैद्यकीय कागद, शरीराची मोजमापं, मग प्रत्यक्ष फेकताना निरीक्षण. तुझा हात मनगटाच्या वरून गेलेला आहे, त्यामुळे गट मिळायला मला अडचण दिसत नाही. तरी अपघातानंतरच्या शस्त्रक्रियेचे कागद, एक्स-रे, प्रमाणपत्र यांची फाईल करून ठेव. टोकियोत थाळीफेकीत विनोद कुमार यांनी मिळवलेलं कांस्य वर्गीकरणावर आक्षेप येऊन काढून घेतलं गेलं. पदक गळ्यात येता येता गेलं, तेही फेकीत काही कमी पडलं म्हणून नाही. राष्ट्रीय संस्था म्हणजे भारतीय पॅरालिम्पिक समिती, तिच्याशी जोडलेल्या राज्य संघटनेकडेच नोंदणी कर. पॅरा खेळाच्या नावाने प्रवेश शुल्क घेऊन पदकं वाटणाऱ्या इतरही संघटना फिरत असतात. त्यांची प्रमाणपत्रं पुढे कुठेच चालत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी तू पत्र लिहिलंस असं मला वाटतं, तिच्याकडे येते.

"मी पदक आणलं तर बाबांच्या मनावरचं ओझं उतरेल." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग वडिलांचं तलाठ्याच्या परीक्षेचं टुमणं आठवलं. मला असं दिसतंय की बाबा तुझ्यावर अविश्वास दाखवत नाहीयेत. त्या दिवशी त्यांच्या हातून तुझं जे गेलं, त्याच्या बदल्यात ते तुझ्या आयुष्याची कायमची सोय बघतायत. पेन्शनची, पगाराची, कुणापुढे हात पसरावा लागू नये याची. आणि तू त्यांना ते ओझं उतरवायला पदक देऊ पाहतेस. दोघंही एकमेकांची परतफेड करताय, तेरा वर्षं, एक शब्द न बोलता. भांडण मात्र नोकरी आणि भाल्यावरून होतं.

पदक हे काम करू शकणार नाही. समज, पुढे कधी तू खरंच पॅरालिम्पिकचं पदक आणलंस. गावात मिरवणूक निघेल, वडील रडतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तुझ्या उजव्या हाताकडे बघणार नाहीत, कारण त्यांना जे म्हणायचं होतं ते तसंच राहिलेलं असेल. आणि पदक नाही आलं तर? तू एका स्पर्धेत हरशील आणि तुला वाटेल की बाबांना सोडवता आलं नाही. भाल्याचं वजन 600 ग्रॅम असतं. त्यावर एवढं लादून तो 40 मीटर जाणार नाही.

त्यांच्याशी बोल. पुण्याचा विषय काढायच्या आधी हे बोल. घरात सगळे असताना नको, जेवताना नको. गाडीवर मागे बसून जाताना किंवा रानात काम करताना, जिथे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, तिथे आपल्याकडच्या बापांना बोलायला सोपं जातं. मोठं बोलू नकोस. "बाबा, त्या दिवशीचं मला आठवतं. माझा तुमच्यावर राग नाही," एवढं पुरे, पण ते खरं असेल तरच. राग असेल, आणि असू शकतो, तर तसं सांग: "कधीकधी राग येतो, पण तुमच्याशी बोलायचंय." खोटी माफी देऊ नकोस. ते गप्प बसले, उठून गेले, चिडले तरी घाबरू नकोस. एवढ्या वर्षांचं साचलेलं एका संध्याकाळी निघत नाही. फार जड गेलं तर जिल्हा रुग्णालयात समुपदेशक असतात, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेला 14416 वर मराठीतही फोन करता येतो, तोही फुकट. वडिलांना फोन करायला लावता येणार नाही, पण तू स्वतःसाठी करू शकतेस.

हे पत्र वाचणाऱ्या आईवडिलांना जाताजाता सांगते. कडबाकुट्टीला वैरण सरकवायच्या तोंडाशी लांब झाकण आणि पातं थांबवायची किंवा उलटं फिरवायची सोय नसेल तर ती बसवून घ्या, आणि यंत्र चालू असताना मुलांना गोठ्यात येऊ देऊ नका. आणि ज्यांच्या घरी हात गमावलेलं किंवा जन्मतः हात आखूड असलेलं मूल आहे, त्यांनी कृत्रिम हातासाठी लगेच कर्ज काढू नये. इलेक्ट्रॉनिक हातांची किंमत लाखांत जाते, ते जड असतात, उन्हाळ्यात घाम येतो, आणि लहानपणापासून एका हाताने सगळं करायला शिकलेली कितीतरी मुलं ते कपाटात ठेवून देतात. आधी मुंबईच्या हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत नाहीतर जिल्ह्याच्या दिव्यांग पुनर्वसन केंद्रात दाखवा, मुलाला काय करायचंय ते मुलालाच विचारा. जम्मू-काश्मीरची तिरंदाज शीतल देवी जन्मापासून दोन्ही हातांशिवाय आहे. कृत्रिम हात तिला जमले नाहीत. ती पायाने धनुष्य धरते, खांद्याने दोरी ओढते आणि जबड्याने बाण सोडते. पॅरिसला तिने मिश्र सांघिक कांस्य मिळवलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

पुण्याला जायचं की नाही? एकदम बिऱ्हाड हलवू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर जा. जाण्याआधी प्रशिक्षकाला फोनवर विचार: एका हाताच्या खेळाडूला शिकवलंय का, फिजिओ कोण आहे, मुलींच्या राहण्याची सोय कुठे, महिन्याचा एकूण खर्च किती. उत्तरं गोलगोल आली तर तिथे जाऊ नकोस. आधी शिकलेल्या एखाद्या मुलीशी बोल, तिच्या पालकांशीही. महिन्याच्या शेवटी फेक किती वाढली यापेक्षा खांदा कसा आहे आणि रोज सकाळी उठून मैदानावर जावंसं वाटतं का, हे बघ. सत्कार नाहीत, टाळ्या नाहीत, उन्हात शंभर वेळा तेच एक पाऊल टाकायचंय, अशा सकाळी. मग बाबांसमोर कागदावर दोन वर्षांचा बेत ठेव: बीए पूर्ण, सकाळी सराव, दुपारी अभ्यास, कोणत्या महिन्यात कोणती स्पर्धा आणि कोणती परीक्षा, खर्च किती. शेतकरी माणसाला हंगामाचा हिशोब कळतो. आईच्या स्थळांना हाच कागद उत्तर म्हणून चालेल: दोन वर्षं नाही.

राहता राहिली ती वाघीण. तुला कसंतरी होतं ते मला समजतं. नांदेडची भाग्यश्री जाधव पॅरिसच्या उद्घाटनाला भालाफेकपटू सुमित अंतिलबरोबर देशाचा ध्वज घेऊन चालली, गोळाफेकीत जगातल्या नामवंतांशी लढते, तरी तिच्याबद्दल लिहिताना लोक आधी व्यंगावर परिच्छेद खर्च करतात आणि फेक किती मीटरची ते शेवटी. लोकांचा हेतू वाईट नसतो. दुसऱ्या कुठल्या प्रकारे कौतुक करायचं हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून आपणच ते सांगावं लागतं. पुढच्या सत्काराच्या आदल्या दिवशी सूत्रसंचालकाला तुझा परिचय स्वतः लिहून दे. नाव, गाव, कॉलेज, भालाफेक एफ 46, राज्य रौप्य, सर्वोत्तम फेक 26 मीटर, या वर्षीचं लक्ष्य 30. खाली लिही, "अपघाताचा आणि वाघिणीचा उल्लेख नको." पहिल्या वेळी तो दोन्ही करेल, माईक हातात आला की माणसाला राहवत नाही. दुसऱ्या वेळी कार्यक्रमाच्या आधी जाऊन पुन्हा सांग.

तुझी,
ताई